आईला ऐकू यायचं ते

ग्लोरिमार सांताना हिला मार्चच्या एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. दोन्ही ठिकाणी तिची शिफारस मीच केली होती. एक पत्र आमच्या बेटाच्या राजधानीहून, सान हुआनहून आलेलं, मानसशास्त्राच्या पाच वर्षांच्या डॉक्टरेटसाठी. दुसरं पोन्सेहून, समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गासाठी; संध्याकाळचे तास, तीन वर्षं. दोन्हीकडे जागा मिळाली होती. पंधरा एप्रिलपर्यंत एकीकडे हो कळवायचं आणि दुसरीकडे नाही. त्या वर्षी पंधरा एप्रिलला गुड फ्रायडे होता.

मी निल्सा इरिसारी. याउकोच्या कुटुंब कार्यालयात तोवर सव्वीस वर्षं सोशल वर्कर म्हणून काढली होती. एकटे राहणारे म्हातारे, मार खाणाऱ्या बायका, शाळेत न जाणारी मुलं, असं सगळं आमच्या टेबलावर येतं. ग्लोरिमार त्याच्या तीन वर्षं आधी माझ्या हाताखाली गृहभेटींची मदतनीस म्हणून लागली होती. मानसशास्त्रात बी.ए. झालेली, सत्तावीस वर्षांची, बोलायला मऊ. लोक तिच्याशी बोलायला लागले की थांबायचे नाहीत. मी अर्धा तास डोकं फोडून जे काढू शकत नसे, ते ती नुसती बसून काढायची.

आमच्या ऑफिसात एक जुना विनोद आहे. छत गळायला लागलं तर मानसशास्त्रज्ञ विचारतो, पाणी पडताना तुम्हाला काय वाटतं. सोशल वर्कर ताडपत्री घेऊन येते, आणि ती नेमकी आखूड निघते. ग्लोरिमार या विनोदावर नेहमी हसायची. पत्रं आल्यापासून हसेनाशी झाली.

तिची अडचण सगळ्या गावाला ठाऊक होती. तिची आई दोन वर्षं घरात पाऊल टाकत नव्हती. दोन्या इराइदा (आमच्याकडे थोरल्या बाईला मानाने दोन्या म्हणतात) गाडीत झोपायची.

त्यांचं घर टेकडीच्या उतारावर, सहा बारीक सिमेंटच्या खांबांवर उभं होतं. अकरा पायऱ्या चढून वर जायचं. खाली मोकळ्या जागेत कपडे धुण्याचं यंत्र, रंगाचे डबे, जुनी सायकल. हे घर इराइदाच्या भावाने, तोन्यिनने, तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. ग्लोरिमारचे वडील ती लहान असतानाच न्यू जर्सीला गेले आणि तिकडचेच झाले. इराइदाने शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे मुलांचं जेवण रांधून मुलीला वाढवलं.

मग त्या पत्रांच्या दोन वर्षं आधी, जानेवारीत, पहाटे भूकंप झाला. इराइदाला पहाटे चारला उठायची सवय. ती कॉफी ठेवत होती, म्हणून ती बाहेर पडू शकली. ग्लोरिमारच्या खोलीची चौकट दबली आणि दार अडकलं. खिडकीला चोरांसाठी बसवलेले गज होते. आतून मुलगी हाका मारत होती आणि बाहेर बाल्कनीत उभी राहून आई ते गज दोन्ही हातांनी ओढत होती. वीस मिनिटं. मग शेजारून तोन्यिन पहार घेऊन आला आणि त्याने दार फोडलं. ग्लोरिमारच्या खांद्याला नुसतं खरचटलं होतं. आईच्या तळहातांची मात्र सालटी निघाली होती.

त्या महिन्यात आम्ही सगळेच बाहेर झोपायचो. कुणी तंबूत, कुणी मैदानात, कुणी गाडीत. हळूहळू लोक आत गेले. इराइदा गेली नाही. रस्त्याच्या पलीकडे नीरफणसाच्या झाडाखाली तिची जुनी टोयोटा उभी होती, तिच्यातच तिने संसार मांडला. पुढची सीट मागे पाडून उशी, मागच्या सीटवर कपडे, आरशाला जपमाळ, दारात पाण्याची बादली. अंघोळीला शेजारणीकडे जायची. ग्लोरिमार ताट खाली आणून द्यायची आणि दोघी गाडीच्या बॉनेटवर ताटं ठेवून जेवायच्या.

गावातल्या बायका काही वाईट नव्हत्या, पण जीभ कुणाची धरणार? बेकरीत ग्लोरिमार दिसली की कुणीतरी म्हणायचंच, मनाचं शिकलीस ना गं, मग आईला गाडीतून बाहेर काढता येत नाही? ती हसून पाव घ्यायची. ऑफिसात आली की तोच पाव दिवसभर टेबलावर तसाच असायचा.

तिने प्रयत्न कमी केले नव्हते. आईला श्वास मोजायला शिकवलं. पायऱ्यांवर खडूने खुणा केल्या, आठवड्याला एक पायरी चढायची असं ठरवलं. आई चौथ्या पायरीपर्यंत आली, उभी राहिली आणि खाली उतरली. म्हणाली, पाचवी पायरी बोलते. मायाग्वेसहून एक तरुण मानसशास्त्रज्ञ तीनदा येऊन गेला. बिचारा ड्रायव्हरच्या सीटवर बसून, गुडघे स्टिअरिंगला टेकवून तिच्याशी बोलायचा. तिने त्याला सांगितलं, मला भीती नाही वाटत, मला ऐकू येतं. घर बोलतं. त्याने ते लिहून घेतलं. आम्ही सगळ्यांनीच ते मनाच्या खात्यात टाकलं.

आणि घरात काही धोका नाही हे आईला दिसावं म्हणून ग्लोरिमार स्वतः रोज वर, आपल्या जुन्या खोलीत झोपायची. तो तिच्या उपचाराचाच भाग होता. वर गजांमागे मुलगी, खाली गाडीत आई. मधे रस्ता.

अशा स्थितीत सान हुआन म्हणजे दोन तासांवरचं शहर आणि पाच वर्षं. पोन्से म्हणजे अर्ध्या तासावर, आणि जेवायच्या वेळेला घरी. कागदावर बघितलं तर निवड आधीच झालेली होती. म्हणूनच ती मला म्हणायची, दोन्या निल्सा, मला दोन दारं दाखवतात आणि एकाच दाराची किल्ली देतात, याला निवड म्हणतात का? मी काहीतरी गुळमुळीत बोलायचे. खरं म्हणजे ती पोन्सेला गेली तर दिवसा माझ्याच ऑफिसात राहणार होती. आमच्याकडे सहा जणींचं काम दोघी करत होत्या. मला ती हवी होती, आणि हे मला माहीत होतं.

गुड फ्रायडेच्या त्या पवित्र आठवड्यात, सोमवारी आम्ही दोघी एका भेटीहून परतत होतो. मी गाडी चालवत होते. ती आपणहून मुलाखतींबद्दल बोलायला लागली. दोन्हीकडे तिला विचारलं होतं, तुमच्या ओळखीतल्या एखाद्या माणसाबद्दल सांगा, ज्याला तुम्ही मदत करू बघताय. दोन्हीकडे तिने एका अठ्ठावन्न वर्षांच्या बाईची गोष्ट सांगितली, जी घरात जात नाही. ती बाई आपली आई आहे, हे सांगितलं नाही.

"सान हुआनला काय विचारलं?" मी म्हटलं.

"त्या बाईला नेमकं काय ऐकू येतं, कधी येतं, आधी काय झालं होतं. तासभर तेच. शेवटी प्राध्यापक म्हणाले, तुमचा कान फार चांगला आहे." मग म्हणाली, "पोन्सेच्या बाई विचित्रच होत्या. मी इतकं सगळं सांगितलं, तर त्यांनी विचारलं काय, घर कसं आहे. कुणी बांधलं, किती वर्षांचं, खाली जाऊन कुणी बघितलंय का."

"मग?"

"बरं आहे म्हटलं."

ती खिडकीबाहेर बघत होती.  मी त्या घरी दहा-बारा वेळा गेले होते. गाडीशेजारी उभी राहून इराइदाबरोबर कॉफी प्यायले होते, तिचं दुखणं ऐकलं होतं, सहानुभूतीने मान हलवली होती. ताडपत्री सोडा, मी मान खाली घालून त्या घराखाली एकदाही बघितलं नव्हतं. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरांच्या भिंती ठोकून बघत आले आणि या घरी मैत्रीण म्हणून गेले.

मंगळवारी सकाळी मी बॅटरी घेऊन तिथे गेले. इराइदा झाडाखाली खुर्ची टाकून तुरीच्या शेंगा सोलत होती.

"कुठे निघालीस, निल्सा?"

"जरा खाली बघून येते."

तिने हातातली शेंग तशीच धरली. "बघ," ती म्हणाली. "तू तरी बघ."

पुढचे चार खांब जुने, काळपट, शेवाळलेले होते. मागच्या कोपऱ्यातले दोन पांढरे होते. म्हणजे कुणीतरी त्यांच्यावर नवा गिलावा करून चुना मारला होता. मी किल्लीने एक खांब खरवडला. थोडं खरवडल्यावर हाताएवढा तुकडा सुटून पायाशी पडला. आत तिरकी भेग होती. माझं बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. सळया गंजून बाहेर वाकल्या होत्या. इतक्यात वर कुणीतरी चाललं, ग्लोरिमारच असणार, आणि त्या भेगेतून बारीक रेव गळली. आवाज आला. मोठा नाही, कुणी झोपेत दात खावेत तसा. इराइदा दोन वर्षं तोच आवाज सांगत होती.

तोन्यिन कुंपणावरून बघत असावा. तो आला तोच हातवारे करत. कशाला उकरतेस म्हणाला, तपासणीवाले भूकंपानंतर येऊन गेले, घर सुरक्षित म्हणून हिरवा कागद चिकटवून गेले.

"ते तुझ्या गिलाव्याआधी आले की नंतर?"

 सत्तरीचा माणूस, पण एकदम म्हातारा दिसायला लागला. मग म्हणाला की हे घर त्याने या हातांनी बांधलं होतं. सगळ्या आळीत त्यानेच घरं बांधली होती. स्वतःच्या बहिणीच्याच घराचे खांब फुटले म्हटल्यावर लोकांनी काय म्हटलं असतं? भेग वरवरची आहे असं त्याला तेव्हा वाटलं होतं. नंतर वाटेनासं झालं, पण नंतर सांगायचं कसं?

ग्लोरिमार कॉफीचे कप घेऊन पायऱ्या उतरून आली. तिने पायाशी पडलेला तुकडा बघितला, खांब बघितला, मामाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. भेगेपेक्षा मला त्याचाच धक्का बसला.

"तुला माहीत होतं?"

"मामा गिलावा करत होता तेव्हा मी बादली धरली होती," ती म्हणाली. "वरवरची आहे म्हणाला, मी मानलं. मानायचंच होतं मला. घर ठीक असेल तर आईचं दुखणं मनाचं ठरतं, आणि मनाचं असेल तर मला काहीतरी करता येतं. खांबाला मी काय करणार होते?"

तोन्यिनने टोपी काढून हातात घेतली.  मग तिने कप यंत्रावर ठेवले आणि रस्ता ओलांडून आईकडे गेली. मी तिच्या मागे गेले. जायला नको होतं कदाचित.

"आई, खांबाला भेग आहे."

"दोन खांबांना," इराइदा शेंगा सोलता सोलता म्हणाली. "मागच्या कोपऱ्यातल्या. डावा जास्त."

"तुला माहीत होतं तर मला ओढून बाहेर का नाही काढलंस?"

"एकदा ओढून बघितलं होतं, पोरी."

ग्लोरिमारने तिच्या हातांकडे बघितलं आणि नजर वळवली.

"तुला काय वाटलं, मी गाडीत का झोपते? घराला घाबरून?" इराइदाचा आवाज चढला नव्हता. भाजीवालीशी बोलावं तशी ती बोलत होती. "घराला घाबरले असते तर साबाना ग्रांदेला प्रोवी मावशीकडे नसते गेले? तिचं लाकडी घर आहे, वर पत्रा, पडून पडून काय पडणार? पण तू वर झोपणार. जिथून तुझी खिडकी दिसते तिथेच राहणं भाग होतं मला. तू सान हुआनला गेली असतीस तर त्याच दिवशी मी साबाना ग्रांदेला गेले असते."

"मी तुझ्यासाठी इथे राहिले," ग्लोरिमार म्हणाली.

"आणि मी तुझ्यासाठी."

मला वाटलं आता दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. दोघीही रागावल्या होत्या, आणि कुणावर ते त्यांना कळत नव्हतं. जरा वेळाने इराइदाने विचारलं, कॉफी आणली होतीस ना, कुठे आहे.

असं घर दिसल्यावर नगरपालिकेला कळवणं मला बंधनकारक आहे. ग्लोरिमार त्या दुपारी माझ्या टेबलापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, शुक्रवारपर्यंत थांबा, आधी माझं ठरू दे. घर बंद झालं तर आईला कुठेतरी ठेवावं लागणार, त्या धावपळीत मी काय ठरवणार? मी म्हटलं, आज तू वर झोपणार असशील तर मी अहवाल आजच पाठवते. ती वळून आपल्या टेबलाशी गेली. मी पाठवलं. खरं सांगायचं तर पाठवताना एक विचार मनात येऊन गेला, की आता ही जाऊ शकणार नाही. असे विचार येतात. मी तो तिथेच दाबला, पण आला होता हे खोटं नाही.

बुधवारी नगरपालिकेचा इंजिनिअर आला. दहा मिनिटांत खालून बाहेर आला आणि वर कुणी पाय ठेवायचा नाही म्हणाला. भिंतीवर लाल रंगाची खूण केली. तोन्यिन आपल्या व्हरांड्यात पाठ करून बसला होता. गुरुवारी आम्ही तिघींनी इंजिनिअरच्या माणसांदेखत, मोजक्या फेऱ्यांत सामान काढलं. इराइदा पायरी चढली नाही. खाली उभी राहून काय काय आणायचं ते सांगत राहिली. पातेली, लोखंडी तवा, लग्नातली चादर. फोटो तिने मागितले नाहीत. ते ग्लोरिमारने आपणहून आणले.

दुपारी तिला साबाना ग्रांदेला बहिणीकडे, प्रोवीकडे पोचवलं. ग्लोरिमारला वाटलं होतं, आता दारातच अडेल. मग श्वास मोजू, मग हळूहळू. इराइदा चप्पल काढून सरळ आत गेली, पुढच्या खोलीतल्या पलंगावर आडवी झाली आणि झोपली. तीन वाजले होते. तिने फक्त दार उघडं ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली. प्रोवी दोनदा नाकाशी हात धरून बघून आली म्हणे.

ग्लोरिमारला तात्पुरती मी माझ्या घरी घेऊन आले. माझ्या शिवणाच्या खोलीत एक खाट आहे. येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "दोन वर्षं मी तिला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होते." आणि हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं.

शुक्रवारी ऑफिस बंद. मी खारवलेला मासा आणि उकडलेली कंदमुळं केली होती. खालच्या रस्त्यावरून मिरवणूक चालली होती, लाउडस्पीकरवर पाद्री आणि त्याच्यामागे बायकांचा आवाज. ग्लोरिमार जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून सकाळपासून बसली होती. एका खिडकीत सान हुआन, दुसऱ्या खिडकीत पोन्से. दोन्हीकडे एकेक चौकोन, त्यात फक्त खूण करायची.

"महिनाभर मी सगळ्यांना सांगत होते, आई नसती तर कधीच गेले असते," ती म्हणाली. "आता आई तिकडे पाय पसरून झोपलीय. घर नाही, खिडकी नाही. कुणी धरलेलं नाही मला. आणि माझं बोट उचलत नाही."

मी मासा वाढत राहिले.

"तुम्ही काहीच बोलणार नाही?"

"मला विचारू नकोस. मला तू ऑफिसात हवी आहेस. माझं मत खोटं असणार." मग वाटलं, बोलतेच आहे तर सगळं बोलावं. "शिफारसपत्रं लिहिली ना, तेव्हा पोन्सेच्या पत्रात मी अर्धं पान जास्त लिहिलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पोन्सेच्या बाईंनी वाचून दाखवलं. सान हुआनलाही मुलाखतीत टेबलावरचं पत्र दिसलं, त्यात तुम्ही माझं आडनावही चुकवलंय."

माझ्या हातातला चमचा थांबला. ती मात्र रागावलेली दिसत नव्हती. त्या आठवड्यात तिचा राग संपून गेला होता बहुतेक.

मग ती बराच वेळ बोलली. मी मधे पडले नाही. सान हुआनची जागा आपल्याला आईच्या आवाजांवर मिळाली, आणि ते आवाज खरे निघाले, आता हे त्यांना कळवायचं का, असं तिने विचारलं. पण लगेच म्हणाली की तसा दोष मानसशास्त्राचा नाही. त्या तरुण मुलाने आईला एकदा विचारलं असतं, तुम्ही गाडी नेमकी इथेच का लावता, तर सगळं तिथेच उलगडलं असतं. ते विचारायला कान लागतो आणि तो तिच्याकडे होता. तिने विचारलं नाही, कारण उत्तर तिला नको होतं. म्हणजे एकीकडे तिला प्रश्न जमला नव्हता आणि दुसरीकडे खांब. दोन्हीत नापास, असं ती म्हणाली. मग कुठली शाळा घ्यायची?

मिरवणूक लांब गेली. मासा गार झाला.

"मला सान हुआनला जायचंय," ती अचानक म्हणाली. "खूप जायचंय. एका खोलीत बसायचं, दार लावायचं, एका माणसाचं पूर्ण ऐकायचं. मला त्यातच सुख वाटतं. पण मी मला ओळखते, दोन्या निल्सा. त्या खोलीत बसले की मी कधीच उठून खाली बघायला जाणार नाही. पोन्सेला निदान मानगूट धरून खाली नेतील."

आणि तिने पोन्सेच्या चौकोनात खूण केली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही असं म्हणणार नाही, पण तो चोरट्यासारखा झाला. सान हुआनला नकार कळवायचं पत्र चार ओळींचं होतं. त्याला तिने तास घेतला. ते गेल्यावर ती बाल्कनीत जाऊन कठडा धरून उभी राहिली. मी बोलावलं तेव्हा आत आली आणि गार मासा उभ्यानेच खाल्ला.

ईस्टरच्या रविवारी आम्ही दोघी प्रोवीकडे जेवायला गेलो. इराइदा चुलीपाशी होती. तीन दिवसांत तिचा चेहरा भरल्यासारखा वाटला. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिने मुलीला विचारलं, काय ठरलं. पोन्से म्हटल्यावर तिने पळी पातेल्यात ठेवली.

"म्हणजे तू निवडलंस की राहिलीस?"

"निवडलं, आई."

"माझ्यामुळे राहिली असशील तर सांग. मी आता इथे बरी आहे. मला तुझी पहारेकरीण व्हायचं नाही आणि तू माझी होऊ नकोस."

ग्लोरिमारने पुन्हा सांगितलं, निवडलं. इराइदाने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं.

तिने तीन वर्षं दिवसा काम केलं आणि संध्याकाळी पोन्सेला जाऊन शिकली. वर्गात ती हुशार नव्हती, असं तीच सांगते. कायदे, योजना, अर्ज यांचा तिला कंटाळा यायचा. पण घराच्या पाहणीत तिला कुणी हरवू शकत नसे. पहिल्याच वर्षी तिने आमच्या भागातली खांबांवरची एकतीस घरं खाली वाकून बघितली. नऊ घरांचे खांब लिंपलेले सापडले. त्यातली पाच तोन्यिनने बांधलेली होती. ती यादी घेऊन ती आधी मामाकडे गेली, आणि पुढच्या भेटींना त्याला सोबत घेऊन गेली. कुठे काय लपवलेलं असतं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? तो प्रत्येक घरी टोपी काढून उभा राहायचा आणि बोट दाखवायचा. एकदा एका बाईने त्याच्या अंगावर पाणी फेकलं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला.

मागच्या जूनमध्ये तिला पदवी मिळाली. पोन्सेच्या त्या मोठ्या सभागृहात इराइदा आली, निळा पोशाख घालून. दाराजवळची कडेची खुर्ची तिने घेतली आणि शेवटपर्यंत बसली. गावातल्या बायकांनी बेकरीत कौतुक केलं, हे ठरलेलं. आईपायी थांबली हो पोर, म्हणाल्या, नाहीतर सान हुआनला मोठी डॉक्टर झाली असती. ग्लोरिमार हे ऐकते आणि पाव घेते. आधी ती त्यांना समजावायची. आता समजावत नाही, कारण समजावायला लागलं की बोलता बोलता तिचाच आवाज खाली येतो.

मला ते दिसतं. एखाद्या भेटीत कुणी म्हातारा बोलायला लागतो, आणि ती घड्याळाकडे न बघता ऐकत बसते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असतं ते अर्ज भरताना नसतं. मग मी हाक मारते, चल, अजून चार घरं आहेत. ती उठते. मी डिसेंबरात निवृत्त होतेय. माझी खुर्ची तिला मिळणार, दुसरी कुणी नाहीच. तिने हो म्हटलंय.

मागच्या महिन्यात ग्वानिकाहून परतताना ती म्हणाली, रविवारी आई परत तेच विचारत होती, निवडलंस की राहिलीस.

"काय सांगितलंस?"

"निवडलं म्हणून सांगितलं." थोडा रस्ता गेल्यावर ती म्हणाली, "तिला पटलं या वेळी."

मग काच खाली करून ती बाहेर बघत बसली आणि मी गाडी चालवत राहिले.